माणिकबाईचे दोन रेचे

"काहून उठू मुकादम? माहा रेचा उपाशी हाय का? जाऊन पाहा, तोंडापर्यंत भरून आली मी!"

धामणगावच्या एका कापसाच्या जिनाबाहेर, सरकी काढायचा आपला रेचा भरून ठेवून, लिंबाखाली माणिकबाई लेकाला पाजत होती. मुकादम भगवंतराव काठी टेकून समोर उभा.

"बाकीच्या बायाइचे पोट्टे कशे निजून राहतात? सकाळीच अफू चाटव त्याले."

"चाटवली होती पयल्या पोरीले. निजली ते निजलीच."

भगवंतराव बाजूला थुंकला अन् आत गेला.

या पोराला अफू द्यायची नाही, एवढ्यासाठी माणिकबाईनं स्वतःला वळण लावलं होतं. तेही एकदम नाही. एकदम केलं की हात बिथरतात, असं तिचं म्हणणं. दिवाळीनंतर जिन सुरू झालं तेव्हा तिनं फक्त पदर घट्ट खोचायला सुरुवात केली, घडीघडी सावरायला नको म्हणून. ते अंगवळणी पडल्यावर कापसाचा ढीग उजवीकडून डावीकडं घेतला. बाया हसल्या, "नवं घर मांडून राहिली काय वो?" मग ती भोंग्याच्या आधीच यायला लागली. कापसाची गठुळी मोकळी करायची, त्यातली किडकी कवडी अन् पाला वेचून टाकायची. तंबाखू सुटली. शेवटी बोलणंही सुटलं.

शेजारच्या रेच्यावर हलीमाबी बसायची. हात थकलेले, पण माणिकबाईला कापूस सरकवायला तिनंच शिकवलेलं. "माणके, मुकी झाली का वो?" ती विचारायची. माणिकबाई मान हलवायची, हात थांबवायची नाही. संक्रांतीपर्यंत असं जमलं, की भरलेला रेचा लेकरू पोटभर पिईपर्यंत एकटाच चालायचा.

आत गेलेल्या भगवंतरावानं तेच पाहिलं. बाई बाहेर अन् काम चालू.

दुसऱ्या सकाळी त्यानं हलीमाबीला दारातच अडवलं. "आता तुहं काम नाई, बी. माणिका दोन रेचे सांभाळते."

"मी कवा म्हटलं?" माणिकबाई ओरडली.

"म्हणाले कायले पायजे? रोज करूनच तं दाखवून राहिली. नसन जमत तं तूबी जाय. बाया काय कमी हायेत?"

घरची चूल माणिकबाईच्याच हातावर पेटत होती. ती हलीमाबीमागं धावली.

"बी, पोट्ट्याले पाहशीन का जरा? मले आता उठता नाई येणार."

हलीमाबी हसली. "माह्या पोटावर पाय देला, अन् आता तुहं लेकरू माह्याच मांडीवर? वा वो बाई!" ती चपला फरफटत निघून गेली.

त्या दिवशी रेच्यांच्या खडखडाटात माणिकबाईला बाहेरचं काही ऐकू आलं नाही. बाहेरून पाणी पिऊन आलेल्या, पलीकडच्या रेच्यावरच्या आशाबाईनं सांगितलं, "रडून रडून निळं पडलं वो तुहं पोट्टं." माणिकबाई अर्धी उठली. तेवढ्यात हलीमाबीचा रेचा रिकामा खडखडला अन् भगवंतरावानं वळून पाहिलं. ती खाली बसली. छातीतलं दूध पोलक्यावर उतरलं, त्यावर रुई चिकटली.

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली आशाबाईनं पदराच्या गाठीतून अफू काढली. "मुगाएवढी दे."

"अर्धीच दे वो," माणिकबाई म्हणाली.

तिनं बोट पोराच्या तोंडात घातलं. त्यानं तोंड वाकडं केलं, मग बोट चोखत राहिला.

भोंगा झाला. माणिकबाई आत जाऊन दोन्ही रेच्यांच्या मधे बसली अन् दोन्ही हातांनी कापूस ओढायला लागली.