संध्याकाळचा हात

माझ्या बायकोच्या उजव्या हाताचं सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत फार कौतुक आहे. लकवा होऊन इतकी छान बोटं उघडणारी बाई पाहिली नाही, असं शेजारणी म्हणतात. वर मला म्हणतात, "दादा, तुम्हीपण लई केलं हो तिचं." मी मान हलवतो आणि दुसरीकडे बघतो. मी काय केलं ते त्यांना माहीत नाही. आता सांगून टाकतो.

आम्ही मूळ अमळनेरकडचे. मी सुरतेत लूमवर कारागीर आहे, लग्नाच्या आधीपासून. बारा तासांची पाळी, आठ माग सांभाळायचे. बायको घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. बाकीच्या बाया चिमटा घेतात, ही नुसत्या बोटांनी लावायची. एके सकाळी खड्यांची वाटी तिच्या हातातून सुटली आणि तोंड एका बाजूला गेलं. रिक्षा लगेच मिळाली, दवाखान्यात वेळेवर पोचलो, जीव वाचला. पायसुद्धा थोड्याच दिवसांत जमिनीवर टेकायला लागला. उजवा हात तेवढा मूठ करून बसला.

दवाखान्यात व्यायाम शिकवायला एक गुजराती फिजिओ होती, आमच्या मुलीहून दोन-चार वर्षांनी मोठी. आम्हाला काका-मासी म्हणायची. घरी जाताना तिनं एक काळा हातमोजा आणि एक टॅबलेट दिला. मोज्याच्या प्रत्येक बोटावर सेन्सरची पट्टी. बोटं उघडली की टॅबलेटवरचा पतंग चढतो, मिटली की खाली येतो. सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. आकडा मशीनच ठेवते, आणि तो इंटरनेटवरून थेट फिजिओला दिसतो. हात सुधारतोय असं मशीनला वाटलं, की ती पतंग आपोआप जड करते.

"काका, पहेला त्रण महिना बहु किंमती छे," ती म्हणाली होती. पहिले तीन महिने फार मोलाचे; मेंदू आत्ता नवीन रस्ता शिकतो, नंतर त्याचा वेग कमी होतो.

सकाळी मी पाळीवर जायच्या आधी आम्ही बसायचो. चाळीसच्या पुढे तिला जाववत नव्हतं. कपाळावर घाम यायचा, मूठ थरथरायची, आणि ती पतंगाकडे असं बघायची की माझ्यानं बघवायचं नाही. संध्याकाळी तर तिसाव्याला डोळे मिटायची. बसल्या बसल्या झोपून जायची.

आता आमच्या खात्यातली एक रीत सांगतो. लूमच्या कारखान्याला इथं खातं म्हणतात. प्रत्येक मागाला मीटर असतो, आणि तो आकडा त्या त्या कारागिराच्या नावावर चढतो. शेजारचा कारागीर तापानं आडवा झाला, तर आम्ही त्याला पोत्यांवर झोपवतो आणि आपल्या मागांबरोबर त्याचेही चालवतो. मीटर त्याच्याच नावावर. हे कुणी कुणाला सांगत नाही आणि कुणी आभारही मानत नाही. माझ्या काविळीत माझे माग असेच चालले होते.

तर पहिल्या आठवड्यातल्या एका संध्याकाळी ती बत्तीसवर झोपली. टॅबलेटवर पतंग तसाच लटकत होता. मी तिच्या हातातून मोजा हळूच काढला, माझ्या हातात ओढून घातला आणि बाकीचे अडुसष्ट भरून टाकले. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट बरं वाटलं. तिच्या नावावर दिवस पुरा झाला होता. मुलगी तेव्हा क्लासला असायची, त्यामुळे विचारणारं घरात कुणी नव्हतं.

असं मी अकरा संध्याकाळी केलं.

मशीनला काय माहीत तो हात लूमवाल्याचा आहे. तिनं पतंग जड केला, मग आणखी जड केला. बायको सकाळी बसायची तेव्हा काल वीसदा चढलेला पतंग आज दहादा चढायचा, मग पाचदा. एका सकाळी एकदाही चढला नाही. तिनं मोजा डाव्या हातानं ओढून काढला आणि उशीखाली ठेवला.

"मना हात मांगे जाई राहिना," ती म्हणाली. माझा हात मागे चाललाय. "आता मला नका बसवू याच्यापुढे."

पाच दिवस तिनं मोजा घातला नाही. त्या पाच दिवसांत पतंग का चढत नव्हता हे घरात मला एकट्यालाच माहीत होतं. मी पाळीवर जात होतो, डबा खात होतो, तिला म्हणत होतो, "होईल गं, धीर धर." माझ्याकडून याच्याइतकी वाईट गोष्ट दुसरी झाली नसेल.

सहाव्या दिवशी दवाखान्याची तारीख होती. मी खाडा केला, तिला घेऊन गेलो. फिजिओ कॉम्प्युटरवर मोज्याच्या आकड्यांची रेघ बघत होती आणि खूश होती.

"मासी, बहु सरस. सकाळी तुम्ही जरा कच्च्या, पण संध्याकाळी एकदम भारी. मधे काही दिवस बंद दिसतंय, हरकत नाही. हात चांगलाच आलाय. आता हाताचे दिवस कमी करू आणि चालण्यावर जोर देऊ."

बायको तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या मुठीकडे. तिला काही कळेना. आणि मला कळलं की आता मी गप्प बसलो, तर हिच्या हातावरचा इलाज इथंच कमी होणार.

आम्हा लूमवाल्यांचं आयुष्य मागांच्या आवाजात जातं. बोलायची सवयच नसते, हातवाऱ्यांवर काम भागतं. मी उजवा हात वर केला आणि तो उघडून-मिटून दाखवला.

फिजिओ म्हणाली, "काय काका?"

"संध्याकाळचा हात हा आहे," मी म्हणालो. "तिचा नाही."

मग सगळं सांगितलं. खात्यातली रीतसुद्धा सांगितली. सांगताना मला ती पहिल्यांदाच खुळ्यासारखी वाटली.

ती पोरगी चिडली, पण आवाज चढवला नाही. "काका, मासीचा हात कुठं अडतोय ते मला या मशीनमधून दिसतं. तुम्ही तेच झाकलंत. तीस तर तीस. मला तेच तीस पाहिजे होते." तिनं बायकोची मूठ हातात घेऊन तपासली आणि पतंग पहिल्या पायरीवर आणला.

घरी आल्यावर बायकोनं उशीखालचा मोजा काढला. "तुम्ही पाळीवर गेलात की करीन. आपली पोरगी बांधून देईल." मग दार लावता लावता म्हणाली, "माले वाटनं हातच मरी गया. तुम्हाला दिसत होतं ना?"

मला दिसत होतं. मी तेवढं कबूल केलं.

पाच दिवसांत हात पुन्हा आखडला होता; पहिल्या दिवशी तिचे अकराच झाले. मुलीनं दुपारी फोन करून सांगितलं. मी मागांच्या आवाजात एक कान बोटानं दाबून ऐकलं. दुसऱ्या दिवशी चौदा. मग तीन दिवस चौदाच. घरी आलो की ती आकडा आधी सांगायची, पाणी नंतर मागायची. कमी असला तरी सांगायची. शंभर पुरे व्हायला सात आठवडे लागले, आणि त्यातला एकही माझा नव्हता. त्या संध्याकाळी मी खात्यात सगळ्यांना भजी खिलवली. कशाबद्दल ते सांगितलं नाही. वाढदिवस असेल असं त्यांना वाटलं.

मोजा परत द्यायला गेलो, तेव्हा तिथं भेस्तानचं एक नवीन जोडपं बसलं होतं. बाईचा उजवाच हात गेलेला. नवरा पुन्हा पुन्हा तिचा पदर सारखा करत होता. फिजिओनं बायकोची रेघ त्यांना दाखवायला स्क्रीन फिरवली. तिनं जुनं काही पुसलेलं नव्हतं. सुरुवातीला एक उंच डोंगर, मग सपाट, मग खालून हळूहळू चढत गेलेली रेघ.

नवऱ्यानं डोंगरावर बोट ठेवलं. "इथं तर एकदम चांगलं होतं की. मग पडलं कसं?"

मी जमिनीकडे बघितलं. बायको म्हणाली, "वरलं यास्नं शे. खालचं माझं." आणि माझ्याकडे हनुवटी करून त्या माणसाला म्हणाली, "तुम्ही घालू नका हो बायकोचा मोजा. यांना सवय आहे, दुसऱ्याचे माग चालवायची."

फिजिओ तोंड फिरवून हसली. तो माणूस माझ्याकडे बघत होता, म्हणून मी मान वर केली. "हो, डोंगर माझा आहे," मी म्हणालो. "पण तुम्ही ही खालची रेघ बघा. ही पूर्ण हिची आहे."

मी त्याला ती रेघ पहिल्यापासून दाखवली, अकरापासून. चौदावर तीन दिवस कुठं अडली होती तेही दाखवलं. एवढं मी कुणाशीच कधी बोललो नव्हतो.

बायको तोपर्यंत त्या बाईसमोर स्टुलावर बसली होती. करंगळी तिची अजून पुरती उघडत नाही. उरलेल्या चार बोटांनी तिनं त्या बाईचं मनगट धरलं, मोजा चढवला आणि पट्टी ओढून बसवली. "फार घट्ट झाला का?" असं विचारलं. त्या बाईनं नाही म्हटलं, तेव्हा तिनं धरलेलं मनगट सोडलं.