दगडूच्या दाराबाहेर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकरांना नाही. देवापुढं हात जोडले, तरी भलतंच काही बोलून उठायचो. आज तुम्हाला सांगतो — का तुम्हालाच, ते माझं मलाही कळत नाही.

आमच्या धारूरकडच्या गावात लोक माझ्याकडं बोट दाखवून पोरांना म्हणतात, दोस्ती करावी तर यांच्यासारखी. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, किती साधा माणूस!

तो दोस्त म्हणजे दगडू. आई गेल्यावर मी मामाच्या गावी आलो, तेव्हा परका म्हणून मला कुणी खेळायला घेत नव्हतं. दगडूनं घेतलं. किल्ल्याच्या अंगाला सीताफळं तोडताना मी दरडीवरून घसरलो, पाय मोडला, तर यानं मला पाठीवर घालून घरी आणलं. पायाला कामट्या बांधून पडलो होतो, तेव्हा रोज यायचा. बोलायचा कमीच. नुसता उशाशी बसून राहायचा. माझ्यासाठी एवढं दुसरं कोण करणार होतं?

आम्ही ऐन तारुण्यात होतो तेव्हा गावात प्लेग आला. घराघरांत उंदीर पडायला लागले, तसा तहसिलीतून हुकूम आला — घरं सोडा. सारं गाव रानात झोपड्या घालून राहायला निघालं, आणि नेमका त्याच दिवशी दगडूला ताप भरला, काखेत गाठ आली. त्याला त्याच्या घरातच ठेवलं. घरात आईशिवाय कुणी नव्हतं, आणि ती सखूमावशी तर आंधळी. लोकांनी तिला ओढूनच रानात आणली. ती रडत होती, "माझ्या लेकराला पाणी कोण पाजील रं?"

मी म्हणालो, "मी हाय की मावशी."

सगळ्यांदेखत म्हणालो. आणि गेलोही — ते खोटं नाही. आत गेलो, त्याची मान उचलून पेज पाजली, अंग पुसलं. इथवरचं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं —

पुढच्या खेपेला उंबरठ्यात मेलेला उंदीर पडला होता. आतून आवाज आला, "आलास का बे? आत ये. लई तान लागली."

काय अवघड होतं? उंदीर ओलांडायचा, आत जायचं. माझे पायच उचलेनात. पेजेचं गाडगं ओट्यावर ठेवलं आणि ओरडलो, "हितं ठिवलंय, घे!" त्याला उठवत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. आदल्या दिवशी त्याची मान मीच तर धरली होती.

रानात आल्यावर मावशीनं विचारलं, "प्यालं का रं माझं लेकरू?"

"समदी पेज प्याला. तुझी आठवण काढीत होता."

दुसऱ्या दिवशी गाडगं तसंच भरलेलं, वर माशा बसलेल्या. मी ती पेज ओढ्यात ओतली आणि रिकामं गाडगं मावशीच्या हातात दिलं. तिनं आत बोटं फिरवून पाहिली — आणि हसली. त्या दिवशी दगडूनं हाक मारलीच नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय. मारली होती. अगदी बारीक आवाजात, माझं नाव घेऊन. मी ओट्यावरूनच माघारी फिरलो होतो.

त्यानंतर गेलो, तेव्हा आत काहीच आवाज नव्हता.

त्याला जाळून आल्यावर मावशीनं माझे हात हातात घेतले, डोळ्यांना लावले. "या हातानं माझ्या लेकराला शेवटचं पाणी मिळालं." मी हात काढून घेतले नाहीत. पुढं तिला घरी आणली, सांभाळली. लोक त्यालाच दोस्ती म्हणतात. पण जेवायला बसली की ती विचारायची, दगडू आणखी काय म्हणाला होता — आणि मी काहीतरी रचून सांगायचो. किती गोड बोलायला लावलं मी त्याला, मेल्यावर!

मावशी गेली तेव्हा शुद्धीवर होती. घरात आम्ही दोघंच. तेव्हाही तिनं तेच विचारलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी म्हणालो, "समाधानानं गेला, मावशी."

दगडू तहानलेला मेला. मी दाराबाहेर होतो, आणि मला ऐकू येत होतं.