तिचा वकील

ती घटना आठवली की आजही मला आधी माझी खाकी पँट आठवते. घोट्याच्या चार बोटं वर राहिलेली. परभणी जिल्ह्यातल्या सेलूला फौजदार म्हणून हजर झालो तेव्हा नवा गणवेश गावातल्याच एका टेलरमास्टरकडे टाकला होता. मास्टर वयस्क, नजर अधू, आणि मापं लिहून न ठेवता डोक्यात ठेवायची खोड. माझी उंची त्यांच्या डोक्यात दुसऱ्याच कुणाच्या पायांना चिकटली. ती पँट घालून मी कडक आवाजात विचारपूस करायचो आणि समोरचा माणूस माझे मोजे बघायचा. घरी नातवंडं ही गोष्ट मागतात ती पँटीसाठी. केस मी त्यात गुपचूप घुसवतो, कडू गोळी गुळात घालावी तशी.

ते दिवस नामांतराच्या आंदोलनाचे. निम्मा स्टाफ कायम परभणीला बंदोबस्तावर. ठाण्यात उरायचो मी, ठाणे अंमलदार आणि सेलूचेच राहणारे एक जमादार. मी मूळचा नगरकडचा. इथं फौजदाराला म्हातारी माणसं अजून निजामाच्या काळासारखं ‘अमीनसाब’ म्हणायची, हेच समजायला मला आठवडा लागला होता. पुढे काय काय समजायचं बाकी आहे, याची कल्पना नव्हती.

एके दिवशी सकाळी कापसाचे एक मोठे व्यापारी ठाण्यात आले. त्यांना आपण शेठ म्हणू. सुनेच्या सोन्याच्या पाटल्या कपाटातून गेल्या होत्या. संशय घरात धुणीभांडी करणाऱ्या मुलीवर. मी गुन्हा दाखल करून घेतला, घरी जाऊन कपाटाचा पंचनामा केला. सून दाराआड उभी होती. पाटल्या शेवटच्या कधी पाहिल्या, असं मी तिला विचारलं. उत्तर सासूनं दिलं. कपाटाला कुलूप असतं का, असं पुन्हा तिलाच विचारलं. तेही सासूनंच सांगितलं. अशा घरात हे असंच असतं, असं मनाशी म्हणून मी निघालो.

दुपारी खबर आली. रेल्वे स्टेशनजवळचा एक हॉटेलवाला आमचा खबऱ्या. त्यानं सांगितलं की ती कामवाली चार दिवसांमागं परभणीच्या गाडीपाशी दिसली होती आणि एका परक्या माणसाच्या हातात तिनं कापडाची पुरचुंडी दिली होती. झालं. माल बाहेर गेला, साथीदार परभणीचा. मी मनातल्या मनात आरोपपत्रसुद्धा टाईप करून टाकलं. त्यात भर म्हणून वरिष्ठांचा फोन आला. शेठचा शब्द वरपर्यंत पोचला होता. “संध्याकाळपर्यंत अटक दाखवा,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

जबाबासाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जावं लागतं. म्हणून जमादारांना घेऊन मी जिनिंग कारखान्याच्या मागच्या वस्तीत गेलो. मुलगी वीस-बावीस वर्षांची. नवरा ट्रकवर, गावाबाहेर. अंगणात तिची सासू बाजेवर बसली होती. तिनं मला पाहिलं, बाहेरची जीप पाहिली आणि सुनेला सांगितलं, “इस गाडी में बैठी तो वापस इस घर में पाँव नै रखना.” आवाज चढवला नाही. भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तसं सांगितलं.  मला तेव्हाच कळलं की मी हिला अटक केली आणि कोर्टानं उद्या सोडली, तरी हिचं घर आजच गेलेलं असणार.

शेजारच्या एका म्हातारीला जवळ बसवून मी प्रश्न सुरू केले. पाटल्या कुठं आहेत? गप्प. स्टेशनवर कुणाला भेटलीस? गप्प. पुरचुंडीत काय होतं? तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. जमादारांनी त्यांच्या पद्धतीनं समजूत घातली, “बाई, साहेब चांगल्यानं विचारायलेत. सांगून टाक, लय ताणू नकू.”  शेवटी तिनं मान वर केली. “मेरे वकील कू बुलाव. उनके बगैर मैं कुछ नै बोलती.”

मी चाटच पडलो. धुणीभांडी करणाऱ्या बाईनं वकील मागावा, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. प्रशिक्षणात राज्यघटनेचं बाविसावं कलम शिकवलं होतं. अटक केलेल्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला नाकारता येत नाही. नुसत्या चौकशीतही वकील जवळ असू द्यावा असं वरच्या कोर्टानं म्हटलंय, हेही कानावर आलं होतं. पण ठाण्यातली शिकवण वेगळी. तिथं जुने लोक सांगत, ‘ज्यानं वकील मागितला त्यानं गुन्हा कबूल केला असं समजा.’ तरी मी जमादारांना म्हटलं, बोलवा तिच्या वकिलाला. जमादारांनी नाव विचारून घेतलं, मिशीत हसले आणि गेले.

थोड्या वेळानं सायकलवर डबलसीट बसून कोण आलं, तर माझे टेलरमास्टर. गळ्यात मोजपट्टी तशीच. माझी नजर आपोआप पायांकडं वळली. मी म्हटलं, “मास्टर, पँटीचं नंतर बघू. इथं चौकशी चालू आहे.”

“पँट के लिए नै आया, अमीनसाब,” मास्टर म्हणाले. “वकील मैंच है.”

मी जमादारांकडं पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, “वकील आनायलो म्हनलो होतो साहेब. कोर्टातला कुठं म्हनलो?”

मग त्यांनी समजावून सांगितलं. निकाहाच्या वेळी नवरी आत बायकांत असते, मंडळी बाहेर. नवरीच्या बाजूचा एक मोठा माणूस दोन साक्षीदार घेऊन आत जातो, ‘कबूल आहे का’ असं तिला विचारतो आणि तिचं उत्तर बाहेर येऊन सांगतो. त्याला म्हणतात वकील. या मुलीचा बाप लहानपणीच वारला. बापाचे दोस्त म्हणून मास्टरच तिचे वकील झाले होते. सगळ्या जगात तिला तोच एक वकील माहीत.

मी मास्टरना म्हणालो की कायद्याला असला वकील चालत नाही. मास्टर माझ्यासाठी मराठीत शिरले. “कायदा मला येत न्हाई. पन तिचं ‘हो’ मीच भायेर आनलं होतं. आता ‘न्हाई’ आनायचं आसंल तर ते बी मीच आनीन.”

 अटक मी अजून केलेली नव्हती, आणि घरचा वडीलधारा जवळ बसू नये असं कुठं लिहिलेलंही नव्हतं. मी होकार दिला. मास्टर म्हणाले, आधी एकटीशी बोलतो. दोघं आत गेले. जमादार कुजबुजले, “आत पढवायलेत तिला.” मलाही तीच भीती होती. आतून हळू बोलणं आणि मग रडणं ऐकू आलं.

मास्टर बाहेर आले. “चोरी नै की उसने. तीन बार पूछा.”

“पुरचुंडी दिली?”

“दी.”

“कुणाची होती?”

“वो उसकू मत पूछो साब. उसने जबान दी है. जिसकी चीज है, उसकू पूछो. और सास के सामने मत पूछो.”

मला राग आला. शिंपी मला तपास शिकवणार? पण शेवटचं वाक्य डोक्यात अडकलं. कपाटाच्या खोलीत दोन प्रश्न मी शेठच्या सुनेला विचारले होते आणि दोन्हींची उत्तरं सासूची होती. त्या बाईचा आवाज मी अजून ऐकलाच नव्हता.

शेठच्या घरी जाऊन मी म्हटलं, सुनेचा पुरवणी जबाब एकटीचा घ्यावा लागेल, नियमच आहे. पुरवणी हा शब्द घराघरांत चालतो, कारण तो कुणालाच नीट कळत नाही. सासू कुरकुरत बाहेर गेली. दार उघडं ठेवून मी माजघरात बसलो.

सून फरशीकडं बघत होती. तशीच मान खाली ठेवून तिनं विचारलं, “तिनं माझं नाव घेतलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “अजून घेतलेलं नाही.”

ती भिंतीला टेकून खालीच बसली. “मी सांगते. पण मी बोलायलेय तवा माझ्या बाजूनं कोन बसंल? तिच्यापशी कोन होतं?”

“टेलरमास्टर.”

“मग त्यांलाच बोलवा.”

ज्या माणसानं त्या घरात आजवर ओसरीच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, तो मोजपट्टीसकट माजघरात येऊन बसला. सुनेनं सांगितलं. पाटल्या माहेरच्या होत्या. वडील परभणीला दवाखान्यात होते आणि सासरी त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. तिनं कामवालीला शपथ घातली आणि दवाखान्याच्या खर्चासाठी पाटल्या तिच्या हाती स्टेशनवर भावाकडं पोचवल्या. पुढं एका लग्नासाठी सासूनं पाटल्या मागितल्या. घाबरून ही एवढंच म्हणाली की सापडत नाहीत. बाकी सगळं इतरांनी ठरवलं.

मास्टर उठले आणि ओसरीवर गेले. शेठ, शेठचा मुलगा आणि सासू तिथं होते. मास्टरनी निकाहात सांगतात तसं सांगितलं. सूनबाई म्हणतात, पाटल्या माझ्या, मी माझ्या हातानं दिल्या.

“आता शिंपी सांगनार का आमच्या घरातलं?” सासू म्हणाली.

“मैं नै बोलता, बाई. वो बोलती. मैं सिर्फ बाहर लाता.”

मी माझ्या वाटणीचं बोललो. माहेरचं स्त्रीधन तिचं, त्यामुळं चोरीचा गुन्हाच घडलेला नाही.  बोलला तो शेठचा मुलगा, तेही आईकडं न बघता. त्यानं बायकोला विचारलं की वडील कुठल्या दवाखान्यात आहेत.

वरिष्ठांची बोलणी मी खाल्ली. केस गैरसमजुतीची म्हणून ‘सी समरी’, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवली, न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केली. कामवालीच्या दारातून जीप रिकामीच परतली आणि तिचं घर राहिलं. शेठच्या घरी कामाला मात्र ती पुन्हा गेली नाही, बोलावणं येऊनही.

पुढच्या नोकरीत कुणालाही समोर बसवलं की मी आधी विचारायचो, तुझ्या बाजूचं कोण आहे, कुणाला बोलावू? सहकारी हसायचे. काहींनी वकिलांची नावं दिली, एकानं आईचं. एका भुरट्या चोरानं आमच्या जमादारांचं दिलं, तेव्हा जमादार दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यातले काही जण नंतरही खोटंच बोलले, हे कबूल करतो. पण वकील लागतो तो खरं दडवायला, असं आम्हाला शिकवलेलं होतं, आणि त्या दोघींच्या तोंडून खरं निघालं ते वकील येऊन बसल्यावरच.