सगळ्यांची वाट

सायकलला रोज फिरायला नेणारा माणूस अख्ख्या वसईत एकच होता, आणि तो माझ्या मुलीच्या टीचरचा नवरा होता. त्यांना स्वतःचं नाव असणारच. पण गाव त्यांना 'टीचरचे मिस्टर' म्हणे आणि फोनवर तेही हीच ओळख सांगत. चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपली की आपली हिरवी सायकल हाताने ढकलत ते नंदाखाल गावच्या वाड्यांमधल्या वाटेने निघत. त्यांना सीटवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "मग आणता कशाला?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "दमलो तर बसता येईल ना, बाय." दमलेले मात्र ते मला कधी दिसले नाहीत.

आम्ही तेव्हा नालासोपाऱ्याला फ्लॅट घेऊन नवे नवे राहायला आलो होतो. दोन चादरी वाळत घातल्या की घरातलं ऊन संपायचं. या वाटेवर मात्र एका अंगाला केळीच्या बागा, दुसऱ्या अंगाला बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, हिरवट पाणी. तिथे पोचले की मी पोटभर श्वास घ्यायची. टीचरचे मिस्टर त्या वाटेचे स्वयंघोषित यजमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांच्या हँडलच्या पिशवीतलं केळं खावंच लागे आणि साल त्याच पिशवीत परत टाकावी लागे. ट्रॅकसूट घालून धावणाऱ्या एका साहेबांना अडवून त्यांनी काळजीने विचारलं होतं, "कोण मागे लागलंय? मी बघतो त्याच्याकडे." अडतिसाव्या वर्षी मला सायकल शिकायची हुक्की आली, तेव्हा घरचे सगळे हसले. टीचरचे मिस्टर एकटे हसले नाहीत. आपली सायकल देऊन, कॅरियर धरून, किती दिवस माझ्यामागून चालले! मी दोनदा बावखलात गेले, आणि दोन्ही वेळा त्यांनी आधी सायकल बाहेर काढली. "तिला पोहता येत नाही ना," म्हणाले.

मग शेजारची वाडी एका बिल्डरने घेतली. एका संध्याकाळी वाटेवर आडवी पांढऱ्या फक्कीची रेघ दिसली. सकाळी तिथे कंपाउंडची भिंत उठणार आणि वाट बंद होणार, असं कळलं.

सकाळी टीचरच्या मिस्टरांनी नेमकी त्या रेघेवर सायकल स्टँडला लावली आणि समोर बघत उभे राहिले. सुपरवायझर साताऱ्याकडचा, सभ्य मुलगा. त्याने अदबीने विचारलं, "काका, कुणाची वाट बघताय?"

"सगळ्यांची," हे म्हणाले.

ते बिचारे खरोखरच वाट बघत होते, समोरची, मातीची, आणि ती होतीच सगळ्यांची. पण सुपरवायझरने ऐकलं ते एवढंच, की सगळे येणार आहेत. म्हणजे मोर्चा! तो धावत फोनच्या बूथवर गेला आणि शेठला ओरडून सांगू लागला, "सगळे येतायत, सगळे!" ते बूथवाल्याने ऐकलं, त्याने पाववाल्याला सांगितलं, आणि तासाभरात सगळे खरंच आले. मीही गाऊनवर ओढणी टाकून पळाले. ट्रॅकसूटवाले साहेब तर आयुष्यात पहिल्यांदा कारण असताना धावत आले.

शेठ गाडीतून उतरले. "तुमचा पुढारी कोण?" सगळ्यांनी टीचरच्या मिस्टरांकडे बोट दाखवलं. ते केळी वाटत होते. शेठच्याही हातात एक आलं. ते खाऊन, साल पिशवीत टाकून शेठ म्हणाले, "बोला, किती जागा सोडू?"

"सायकल, आणि तिच्या शेजारून मी."

भिंत तेवढी जागा सोडून उठली. आज दोन्ही बाजूंना इमारती आहेत, बावखल बुजलं आहे. पण मधून ती वाट तेवढीच रुंद, अजून चालू आहे. मुलं तिच्यावरून शाळेत जातात. मला मिळालेल्या कितीतरी सकाळी या माणसाने दिलेल्या आहेत, आणि त्याचे आभार मानायचे माझे राहूनच गेले.

ते गेल्यावर टीचरने हिरवी सायकल मला दिली. मला आता ती छान चालवता येते. त्या वाटेवर मात्र मी उतरते आणि हाताने ढकलत नेते. मधेच थांबले की कुणी नवीन माणूस विचारतं, "कुणाची वाट बघताय?"

"सगळ्यांची," मी म्हणते. खरं तर तेव्हा मी एकाचीच बघत असते.