उघडं पडलेलं माहेर

बाबा पूर्णा नदीवरच्या धरणाच्या पॉवरहाउसमध्ये ऑपरेटर होते. तिथली सगळी वस्ती त्या पॉवरहाउसमुळंच वसलेली: वर साहेबांचे बंगले, खाली आमची दगडी क्वार्टरं, मध्ये आठवडी बाजार. टर्बाइन सुरू झालं की घरातली भांडी बारीक किणकिणायची. बाबांना त्याचा केवढा अभिमान! आई गप्प असायची. तिचं माहेर त्याच पाण्याखाली होतं. ती लहान असताना गाव उठवलं, आणि जिथं नेऊन बसवलं तिथं कैक वर्षं वीज पोचली नाही. एकदा ती पाहुण्यांसमोर बोलून गेली, "यांची लाइट माझ्या माहेरावर चालते." पाहुणे हसले. बाबा उठून बाहेर गेले.

बाबांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी दुष्काळ पडला. धरणात गाळ तेवढा उरला, टर्बाइनं बंद पडली. मग बाजारात बातमी आली, जुनं गाव उघडं पडलंय.

सकाळी आईनं चपला घातल्या. "मी जायलेय. यायचं त्यानं यावं."

मी निघाले. बाबा मागून आले, हातात सब्बल, लोखंडी पहार. "साप-किरडू असतंय," एवढंच म्हणाले.

भेगाळलेल्या गाळातून आम्ही बरंच चाललो. घरांचे नुसते पाये राहिले होते. आई मारुतीच्या ओट्यापासून आपलं घर शोधत निघाली, चुकली, परत ओट्यापाशी आली. दुसऱ्यांदाही चुकली. तिला रडू येईल असं वाटत होतं, तेवढ्यात ती एका चौथऱ्यावर मटकन बसली. समोर जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. ती हातानं त्यातला गाळ काढू लागली.

"इथं माय तिखट कुटायची. मी शिंकत पळायची."

बाबा वाकले. "काढू का? घरी नेऊ."

"राहू द्या."

"अगं, निघंल."

त्यांनी सब्बल लावली. मी इतक्या उत्साहात त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घामानं शर्ट भिजला. इतकी वर्षं पाण्यात राहिलेला दगड. तिसऱ्या-चौथ्या नेटाला तो मधोमध तडकला.

आईनं हाताचा गाळ पदराला पुसला.

"सिमेंटनं जोडता येतंय," बाबा म्हणाले.

"जोडून ठिवायचं कुठं? क्वार्टर तर सोडायलोत आपण. घर कुठं हाय आपलं?"

दोन्ही तुकडे तिथंच टाकून आम्ही परतलो.

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं. तोवर आम्ही जिंतूरला भाड्याच्या खोल्यांत आलो होतो. आईनं गावाचं नाव पुन्हा काढलं नाही. ती जेवण कमी करत गेली, डॉक्टर बदलले, काही सापडलं नाही. दिवाळीच्या आधी गेली.

आता बाबा माझ्याकडं परभणीला असतात. मध्ये एकदा मी विचारलं, "ती नको म्हणत असताना कशाला काढायला गेलात?"

"लग्नापासून मनात होतं," म्हणाले, "तिला माहेरचं काहीतरी द्यावं."

"आईला सांगितलंत हे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मी चहा ठेवायला उठले.