झोखुमीच्या चुलीची मूठ

दारथांगीच्या गावात भात शिजवायला घेतला की बाईचा हात पुन्हा एकदा तांदळात जातो. धुवायच्या आधी एक मूठ काढायची आणि चुलीशेजारच्या डब्यात टाकायची. ती देवाची. मिझो डोंगरातली ही चाल दारथांगीच्या आजीनं तिला भाषेआधी शिकवली. दर शनिवारी दोघी बायका पाठीवर टोपली आणि टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन उतारावरच्या घरांतून फिरतात आणि डबे रिकामे करून आणतात. त्या तांदळावर ख्रिस्ती मंडळीचे सेवक दूरच्या गावी प्रचाराला जातात.

दारथांगी आता साऱ्या गावाची पी, म्हणजे आजी, होती. तिच्या कपाळावर त्या पट्ट्याची खूण कायमची उमटली होती. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नव्हतं. होता तो हा फेरा, आणि एक खोड. मूठ काढताना ती रोज देवापाशी एका घराचं नाव घ्यायची.

"पी, आमची पाळी कधी?" बाया विचारायच्या. "डुकरीण व्यायला आलीय."

"डुकरिणीसाठी तुझी तू माग. मी तुझ्या जिभेसाठी मागते," म्हातारी म्हणायची.

मधला बराच काळ मात्र एकच नाव तिच्या तोंडी होतं. सियामपुई. खालच्या अंगाला राहणाऱ्या झोखुमीची एकुलती लेक. पोरीचं रक्त आटत चाललं होतं. झोखुमी येऊन चुलीपाशी बसायची. "तुझं ऐकतो तो, पी. तूच माग."

आणि एकदा दारथांगी बोलून गेली, "उठेल बघ तुझी पोर. मला आतून सांगितलंय त्यानं."

घेवड्याला फुलं आली तेव्हा सियामपुई गेली. सारं गाव त्या घरात बसलं, रात्रभर गात राहिलं. झोखुमी गायली नाही.

पुढच्या शनिवारी तिचा डबा रिकामा होता. त्याच्या पुढच्याही. दारथांगीच्या जोडीला असणारी थानझामी दारातूनच पुटपुटली, "चूल पेटते, धूर दिसतो. मग मूठ कुठं जाते?"

"गप बस गं. पुढं चल."

रविवारी उपासनेनंतर टेकडीवरच्या कर्ण्यातून दर आठवड्याला एक वाक्य साऱ्या गावाला ऐकवलं जाई: एकही चूल मागं राहिली नाही. त्या वाक्यातून झोखुमी गळावी, हे दारथांगीला सोसवेना. तिनं आपल्याच पोटाच्या तांदळातली मूठ घेतली, थानझामीची पाठ फिरल्यावर टोपलीत टाकली आणि हलकेच देवाला म्हणाली, "ही झोखुमीची."

असं कितीतरी आठवडे चाललं. कर्णा बोलत राहिला. झोखुमी पडवीत बसून ऐकत राहिली.

एका शनिवारी ती दारातच उभी होती.

"माझी मूठ कोण टाकतं, पी?"

थानझामीनं दारथांगीकडं पाहिलं. म्हातारीनं मान खाली घातली.

"मी."

"मी त्याला काही देत नाही, एवढंच मला त्याला सांगायचं होतं. तेवढंही तू त्याच्यापर्यंत पोचू दिलं नाहीस." झोखुमीचा आवाज चढला नव्हता. "आधी त्याच्या नावानं मला खोटं सांगितलंस. आता माझ्या नावानं त्याला सांगतेस."

पट्टा कपाळावरून उतरवून दारथांगी पायरीवर बसली.

"त्यानं सांगितलं नव्हतं, पोरी," ती म्हणाली. "मलाच ती जगायला हवी होती. माझी ओढ मी त्याच्या तोंडी घातली."

झोखुमी पायरी उतरली. टोपलीत हात घालून तिनं मूठभर तांदूळ उचलले.

"अगं, देवाचे आहेत ते!" थानझामी ओरडली.

"घेऊ दे," दारथांगी म्हणाली आणि टोपली पुढं सरकवली. "अजून घे."

झोखुमीनं अजून घेतले नाहीत. मूठ छातीशी धरून ती उभी राहिली. बोटांच्या फटींतून दाणे गळत होते आणि अंगणातल्या कोंबड्या धावत येत होत्या. मग ती आत गेली. दार लोटलं, कडी मात्र लावली नाही.

त्या संध्याकाळी दारथांगीनं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सांगितलं, "उद्या ते वाक्य म्हणू नका. एक चूल मागं आहे. माझ्यामुळं."

कर्णा त्या रविवारी मुका राहिला, पुढंही राहिला. झोखुमीच्या डब्यात दारथांगीच्या हयातीत एकही दाणा पडला नाही. तरी म्हातारी दर शनिवारी त्या पायरीवर पट्टा उतरवून बसायची. कुणाचं नाव घ्यायची नाही, काही मागायची नाही. कधी आतून गुळाचा चहा यायचा, कधी नाही. दोघी खालच्या दरीतलं धुकं बघत बसायच्या. मग म्हातारी उठायची, टोपली पाठीवर घ्यायची, आणि पुढच्या घराकडं चढू लागायची.