मोठ्यानं वाचायचं मासिक

रेडिओ ऐकणारी माणसं मी ढिगानं पाहिलीत, पण डोळ्यांत तेल घालून रेडिओ ऐकणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आमच्या हिचे मामा. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटमधून रेडिओ केंद्रवाल्यांसाठी एक मासिक निघतं. निवेदक, इंजिनिअर, जाहिराती गोळा करणारे, एवढेच त्याचे वाचक. गाण्यांचा त्यात चुकूनही उल्लेख नाही. नवा ट्रान्समीटर कसा चालतो, कुठला निवेदक बातमी पळवत वाचतो, असला मजकूर. शेजाऱ्यांना हे आजवर उमगलेलं नाही. कुणी जुना रेडिओ दुरुस्तीला आणतं, कुणी बायकोच्या वाढदिवसाला गाणं लावा म्हणून सांगून जातं. एका बाईंनी तर मिक्सर आणून ठेवला. मामांनी तो चालू करून नीट ऐकला आणि म्हणाले, "आवाज फाटतोय." निदान बरोबर होतं, पण त्यावर बाईंची चटणी कशी वाटायची?

लग्नात तर मामांच्या शेजारी बसूच नये. कुंभारीला एका भाच्याच्या लग्नात सगळे मुठीत अक्षता घेऊन उभे, आणि गुरुजींचा प्रत्येक ‘प’ माइकमध्ये फुटत होता. मामा तरातरा स्टेजवर चढले, माइक मागं ओढला आणि म्हणाले, "गुरुजी, चार बोटं लांब. आता शेवटचं मंगलाष्टक परत घ्या." गुरुजींनी घेतलं हो! लोकांनी पुन्हा अक्षता टाकल्या. "लई शोभा केली बगा," मामी घरी येईपर्यंत म्हणत होत्या.

त्यांची एक पद्धत मात्र अढळ. अंक छापायला जाण्याआधी तो जाहिरातींसकट स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचायचा. "बोलणाऱ्यांचं मासिक आहे, जावईबापू. एका श्वासात बसत नाही ते छाटायचं." मग लेख कितीही बड्या इंजिनिअरचा असो. मामी भाकऱ्या थापत ऐकायच्या आणि करवादायच्या, "तुमच्या ट्रान्समीटरपायी भाकरी करपली माजी!"

मागच्या वर्षी मामांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. अंक टेबलावर पडून राहिला. तसाच पाठवा म्हटलं, तर मामांनी ठाम मान हलवली. म्हणजे मासिक बंदच. मग मी वाचायला घेतला, पण सिगारेटनं पोखरलेला माझा श्वास दुसऱ्याच ओळीला तुटला आणि मामांनी अख्खा लेख खोडायला पेन उघडलं. शेवटी मामींनी पदराला हात पुसले आणि चष्मा लावला. त्या केम गावच्या, बोली तिकडचीच. ‘आहे’चं ‘हाय’ झालं, ‘नाही’चं ‘न्हाय’, मोठमोठ्या शब्दांना ठेचकाळत त्या पुढं गेल्या. "हसू नगा," मला म्हणाल्या. हसतोय कसला, मी पुढचं पान त्यांच्या हातात दिलं.

आता दर महिन्याचा अंक असाच निघतो. मामा समोर स्टुलावर बसतात आणि मधेच बोट गोल फिरवतात, म्हणजे पुन्हा वाच. "आता काय चुकलं?" म्हणत मामी तेच वाक्य पुन्हा वाचतात. त्या वाक्याला कात्री लागणार असं मला वाटायचं. छापील अंक आला की मी मुद्दाम ते वाक्य शोधतो. त्यातलं एक अक्षरही बदललेलं नसतं.